गाडीला लागलेली धाप

रविवारी सकाळी आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि तिथून शुक्रवारपर्यंत माझी अब्रू पाटोद्याच्या बाजारपेठेत ठिकठिकाणी थोडी थोडी सांडत गेली.

दिवा लहानसाच होता. त्यावर इंजिनाचं चित्र असतं म्हणतात. मला ते टाकीला नळ बसवल्यासारखं दिसलं आणि मी तसं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग काच पुसायचं पाणी संपलं असेल." मी पाणी भरलं. दिवा तसाच. उलट मला वाटलं, जरा जास्तच ठसठशीत झाला.

मी शहादेव, हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. सव्वीस वर्षं शिकवतो. उष्णता, ज्वलन, इंजिन हे सगळं माझ्या खडूखालून गेलेलं आहे, म्हणून दिवा लागल्याबरोबर मेकॅनिककडं पळणं मला कमीपणाचं वाटलं. बायको सत्यशीला अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. तालुक्यातल्या पंचवीस अंगणवाड्या तिच्याकडं. अकरा वर्षं ती काळ्या-पिवळ्या जीपच्या मागच्या दांड्याला धरून, कधी दुधाच्या गाडीतून, कधी चक्क ट्रॅक्टरवर बसून भेटी देत आली. यंदा तिनं ठरवलं की बास झालं, आता आपण स्वतः गाडी चालवायची. पाच महिने ती आमच्या जुन्या डिझेल गाडीवर शिकली. शुक्रवारी बीडच्या आरटीओत तिची टेस्ट होती आणि शनिवारी तिच्या शिकाऊ लायसनची मुदत संपत होती. म्हणजे शुक्रवार हुकला की पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा परीक्षा, पुन्हा जीपचा दांडा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर त्या दिवशी चार उमेदवार आधीच बसलेले. न्यायची तर आपलीच गाडी. आणि आपल्या गाडीची पीयूसी गेल्याच महिन्यात संपलेली. आरटीओत गाडी आत घ्यायची तर धुराचं ते प्रमाणपत्र हवंच.

"काही नाही, पंपावर जायचं, नळी लावायची, कागद घ्यायचा," मी म्हणालो.

आमचे शेजारी अर्जुनराव पंचायत समितीचे माजी सभापती. सभापतिपद जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते पद त्यांच्या आवाजातून अजून गेलेलं नाही. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं, "सर, हे दिव्याचं दुखणं हाय, गाडीचं न्हाई. त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावा. माझ्या जीपला सा वर्स पट्टी व्हती."

"मग जीपचं काय झालं?" सत्यशीलेनं विचारलं.

"ती बंद पडली. पण दिव्यानं न्हाई."

पंपावर पीयूसीची व्हॅन उभी असते. पाठीमागून सूचना द्यायला अर्जुनरावही आले होते. तिथून त्यांना एका खताच्या दुकानाचं उद्घाटन करायला जायचं होतं, त्यामुळे अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा आणि पायजमा. व्हॅनवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि मला म्हणाला, "पूर्ण दाबा सर." मी पूर्ण दाबला. मागून एक काळा ढग निघाला. त्या ढगातून आधी खोकल्याचा आवाज आला, मग अर्जुनराव आले. पुढून काळे, मागून पांढरे.

व्हॅनवाला कॉम्प्युटरकडं बघत राहिला. "नापास," तो म्हणाला. "सर, मी लई गाड्या बघितल्या. ही लिमिटच्या आसपास पण न्हाई."

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांना नापास करत आलो होतो. तो शब्द समोरून ऐकायला फार वेगळा लागतो.

अर्जुनरावांनी रुमालानं तोंड पुसलं. उद्घाटनाला ते तसेच गेले, पण जाताना एवढंच म्हणाले, "आता ही गाडी पास झाल्याबिगर मी गप बसत न्हाई." मला त्या वेळी बरं वाटलं. ते गप बसले असते तर आमचा एक दिवस वाचला असता, हे मला नंतर कळलं.

सोमवारी सत्यशीलेनं तिची वही काढली. पाच महिन्यांत गाडी कधी कशी वागली ते तिनं तारीखवार लिहून ठेवलं होतं. अंगणवाडीतल्या लेकरांची वजनं लिहितात तसं. 'चढावर दम लागतो. उभी असताना थरथरते. पिकअप घेत नाही.' शेवटी शेरा होता, 'तीव्र कुपोषित'.

"हिला श्वास घ्यायला त्रास होतोय," ती म्हणाली. "बंकटकडं न्या."

श्वास म्हटल्याबरोबर माझ्यातला शिक्षक जागा झाला. श्वास म्हणजे हवा. हवा म्हणजे एअर फिल्टर. मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, बॉनेट उघडलं, फिल्टर काढून झटकला आणि त्याच्या पुढच्या नळीत बसवलेला एक छोटा सेन्सरही बाहेर काढला. तो हवा मोजतो. त्याच्यात केसाएवढी तार असते. व्हिडिओतला माणूस म्हणत होता की याला काहीही लावू नका, नुसता फवारा मारा. पण तो हे सांगेपर्यंत माझा टूथब्रश दोनदा फिरून झाला होता.

आता गाडी सुरू झाली की लगेच बंद पडायला लागली.

बंकटचं गॅरेज बीड रस्त्याला आहे. तो माझाच विद्यार्थी. विज्ञानात पस्तीस मार्क, तेही मी माणुसकीनं दिलेले. गाडी दोरीनं ओढत त्याच्या दारात नेली आणि ओढायला ट्रॅक्टर अर्जुनरावांचा असल्यामुळे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ते थांबून सगळा प्रकार सांगत होते. बंकटनं स्टिअरिंगखाली एक वायर खोचली, हातातल्या छोट्या यंत्राच्या पडद्यावर बघितलं आणि मान हलवली.

"सर, दोन कोड हायती. एक गाडीनं काढलाय. दुसरा तुमी काढलाय."

मी टूथब्रशची गोष्ट त्याला सांगितलेली नव्हती. सत्यशीलेनंही नव्हती सांगितली. ते यंत्रानं सांगितलं.

माझा कोड त्यानं भंगारात काढलेल्या तसल्याच गाडीचा सेन्सर बसवून मिटवला. मग गाडीचा स्वतःचा कोड निघाला. ईजीआर व्हॉल्व्ह. बंकटनं समजावून सांगितलं, "सर, इंजिन आपलाच थोडा धूर परत आत घेतं. त्यानं आतली आग जरा थंड राहती आन् बाहीर विषारी वायू कमी जातो. धूर आत सोडायला एक दार असतंय. ते उघडायचं, मिटायचं. तुमचं दार कार्बननं उघडंच अडकलंय. म्हणून गाडी हवेच्या जागी सारखा धूरच पिती."

मी म्हणालो, "हो, हे मी शिकवतो."

"मग घासलं कावून दुसरंच?" बंकटनं अगदी निरागसपणे विचारलं.

त्यानं तो व्हॉल्व्ह साफ करायचा प्रयत्न केला. आत इतकी काजळी की पहिल्यांदा मला ते डांबरच वाटलं. पण दाराची दांडीच वाकलेली होती आणि मोटारही जळालेली. नवाच पाहिजे. पाटोद्यात नाही, बीडमध्ये नाही. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात निघाला. मी दुकानदाराला फोन करून पत्ता नीट सांगितला: मुक्काम पोस्ट पाटोदा, तालुका पाटोदा, जिल्हा बीड. मंगळवारी निघणार, बुधवारी सकाळी हातात. मला इतका हुरूप आला की मी नववीच्या वर्गावर भूगोलाच्या तासाला ईजीआर व्हॉल्व्ह शिकवला.

बुधवारी सकाळी पार्सल आलं नाही. दुपारी दुकानदार फोनवर म्हणाला, "पोहोचलं की साहेब. कालच पोहोचलं. पाटोद्याला."

संभाजीनगरजवळही एक पाटोदा आहे. दुकानापासून अर्ध्या तासावर.

"पण मी जिल्हा सांगितला होता."

"तो तुम्ही सांगितला. नंतर सभापती साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, येवढं लांबलचक कशाला लिहिता, नुसतं अर्जुनराव, पाटोदा लिहा, सगळं जग वळखतं."

अर्जुनराव ओसरीवर बसले होते. मी त्यांना नुसता नमस्कार केला. शेजारी आहेत, वयानं मोठे आहेत. पण सत्यशीला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, परवा माझी टेस्ट आहे. अकरा वर्षं मी जीपला लोंबकळले. तुमच्या फोननं माझा व्हॉल्व्ह दुसऱ्या गावाला गेलाय. आता तुम्हीच तो आणा."

मी त्या माणसाला सभापती असताना पाहिलंय, निवडणूक हरताना पाहिलंय. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. मग त्यांनी चष्मा लावला, डायरी काढली आणि जे फोन सुरू केले ते तीन तास. कुठल्याशा जुन्या कार्यकर्त्यानं दुसऱ्या पाटोद्यातून पार्सल उचललं, त्याच्या मेव्हण्यानं ते सोलापूरला जाणाऱ्या खाजगी बसमध्ये दिलं. सगळं जुळलं. फक्त ती बस बीड गावात येत नव्हती, बाहेरच्या रस्त्यानं निघून जात होती. थांबणार होती ती थेट चौसाळ्याला, गुरुवारी सकाळी.

गुरुवारी मी रजा टाकली आणि बंकटच्या मोटारसायकलवर मागं बसलो. मांजरसुंब्याहून हायवेला लागलो. चौसाळ्यात हॉटेलसमोर बस उभीच होती. क्लीनरनं खोकं काढलं, त्यावरचं नाव वाचलं आणि ते पाठीमागं धरलं.

"अर्जुनराव कोण?"

"ते आले नाहीत. आम्ही त्यांचे..."

"ज्याचं नाव त्यालाच देनार. फोनवर बोलनं करून द्या."

मी अर्जुनरावांना फोन लावला. फोन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. पार्सल मिळालं का हे विचारायला ते त्या वेळी बसच्या मालकाला फोन करत होते, असं मागाहून कळलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. क्लीनर खोकं घेऊन पायरीवर चढला. तेव्हा बंकट पुढं झाला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे हेच अर्जुनराव. पदामुळं नाव सांगत न्हाईत."

मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही असं म्हणणार नाही, पण खोटी सही कधी केली नव्हती. क्लीनरनं वही पुढं केली. बस गुरगुरत होती. मला डोळ्यांसमोर जीपचा दांडा दिसला, त्याला धरलेला सत्यशीलेचा हात दिसला, आणि मी 'अर्जुनराव' अशी झोकात सही ठोकली. सही झाली ती झाली, पण हात सव्वीस वर्षांच्या सवयीचा. त्यानं खाली आपोआप 'तपासले' असं लिहून तारीख टाकली. क्लीनरनं ते वाचलं आणि एकदम आदरानं खोकं दिलं. त्याला वाटलं, माणूस खरंच मोठा दिसतोय.

येताना ते खोकं मी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. बंकट गाणं म्हणत होता. मीही म्हणत होतो, असं तो आता सगळीकडं सांगतो.

गॅरेजवर सत्यशीला हजर होतीच. जुना व्हॉल्व्ह काढायला लागलो. तीन बोल्ट निघाले. चौथा इंजिनाच्या पार मागं, पत्र्याच्या आणि नळ्यांच्या बेचक्यात. बंकटचा पंजा तिथं जात नव्हता. माझा गेला, पण गेला तो परत येईना. पाच मिनिटं मी बॉनेटखाली वाकून उभा होतो आणि तेवढ्यात रस्त्यानं आमचे मुख्याध्यापक गेले. मी रजेच्या अर्जावर 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं होतं. त्यांनी माझी अवस्था बघितली आणि त्यांना ते पटलं असावं.

ग्रीस लावून हात सुटला. सत्यशीलेनं बांगड्या काढून माझ्याजवळ दिल्या, पदर खोचला आणि म्हणाली, "बंकट, पाना दे. कुठल्या अंगाला फिरवायचा तेवढं सांग."

"तुमच्या डाव्या अंगाला, मॅडम. हळू. तुटला तर इंजिन खोलावं लागंल."

आम्ही दोघं श्वास धरून उभे. ती डोळे मिटून बोटांनी चाचपत होती. कुपोषित लेकराच्या दंडाचा घेर मोजताना ती अशीच गप्प होते. मग बारीकसा कट्ट आवाज आला. बंकटचं तोंड पांढरं पडलं.

"तुटला?" मी विचारलं.

"निघाला," ती म्हणाली, आणि काळ्याकुट्ट हातात बोल्ट धरून वर केला.

नवा व्हॉल्व्ह बसला. मागचा बोल्टही तिनंच आवळला. बंकटनं यंत्र लावून कोड पुसले आणि किल्ली तिच्याच हातात दिली. गाडी सुरू झाली. नुसती सुरू झाली नाही, थरथर नाही, धाप नाही, एका सुरात चालायला लागली. मी माणूस तसा संयमी आहे. तरी मी बंकटला मिठी मारली आणि माझा चांगला शर्ट त्या मिठीत गेला.

संध्याकाळच्या आत पंपावर पोहोचलो. अर्जुनराव आधीच येऊन उभे होते. नवा पांढरा सदरा, नवा पायजमा, आणि उभे कुठं, तर बरोबर सायलेन्सरच्या मागं.

"दादा, बाजूला व्हा," सत्यशीला म्हणाली.

"न्हाई. चूक माझ्या फोनची हाय. दाबा तुमी."

ती ॲक्सिलरेटरवर पाय ठेवेना. मी तिला खूण केली. तिनं दाबला. एकदा, दोनदा, पूर्ण. व्हॅनवाला पडद्याकडं बघत होता, आम्ही सगळे अर्जुनरावांच्या सदऱ्याकडं. सदरा पांढराच राहिला. व्हॅनवाला "पास" म्हणाला तेव्हा पंपावर डिझेल भरायला थांबलेल्या चार अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत होतं कोण जाणे. अर्जुनरावांनी सगळ्यांना हात जोडले.

शुक्रवारी बीडला आम्ही तिघं गेलो. अर्जुनरावांना नाही म्हणायची हिंमत आता कुणात नव्हती. मी गाडी चालवली. खिडकीवरच्या बाईंना आमची पीयूसी कॉम्प्युटरवर दिसेना, मग दिसली, मग त्यांचा कॉम्प्युटरच दिसेनासा झाला. बारा वाजता सत्यशीलेचं नाव पुकारलं. निरीक्षक साहेब तिच्या शेजारी बसले. आठाच्या आकड्यात गाडी नेताना तिची मान इतकी ताठ होती की बघून माझीच मान दुखायला लागली. चढावर थांबवून पुन्हा उचलायची होती. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी वर होती आणि साहेब कागदावर सही करत होते.

"छान चालवता," ते तिला म्हणाले. "लायसन घरी येईल. तोपर्यंत शेजारी लायसनवाला माणूस बसवून चालवा. आत्ता कोण आहे बरोबर?"

"मी," मी छाती काढून पुढं झालो आणि लायसन दिलं.

साहेबांनी ते बघितलं, उलटं करून बघितलं, परत सुलटं केलं. "सर, हे तुमच्या पन्नाशीपर्यंतच होतं. तुम्हाला पन्नास पूर्ण होऊन चौदा महिने झाले."

"हो, शाळेनं शाल दिली होती," मी म्हणालो.

"एक वर्षाच्या वर गेलं की नुसतं नूतनीकरण होत नाही. आता तुम्हाला शिकाऊ लायसन काढावं लागेल. मग टेस्ट."

सत्यशीला कोपऱ्यात बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. अर्जुनरावांनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं लायसन काढलं. ट्रॅक्टरसाठी ते वेळच्या वेळी नवीन करून घेत असत. अगदी चोख.

अशा रीतीनं परतीला ती चालवायला, अर्जुनराव तिच्या शेजारी पुढं, आणि मी मागच्या सीटवर, फाइल, पाण्याची बाटली आणि डब्याची पिशवी यांच्या सोबतीला. खरं सांगू का, पहिली दहा मिनिटं मला फार लागलं. मग मांजरसुंब्याचा घाट आला. पुढं उसाचे दोन ट्रॅक्टर. तिनं आरसा बघितला, हॉर्न दिला, गिअर टाकला आणि गाडी अशी उचलली की अर्जुनरावांनी दाराची कडी घट्ट धरली आणि मी मागून "चल, चल" असं ओरडलो. घाटमाथ्यावर आम्ही तिघंही हसत होतो, आणि कशाला ते कुणालाच सांगता आलं नसतं.

पाटोद्याच्या अलीकडं तिनं अचानक डावीकडं कच्च्या रस्त्याला गाडी घातली.

"इकडं कुठं?" मी विचारलं.

"वस्तीवरची अंगणवाडी अजून सुटली नसेल. तिथं जीप येत नाही. मी दर वेळी फाट्यावर उतरून चालत येते."

अंगणवाडीच्या दारात मदतनीस चतुराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. धुरळा उडवत गाडी आलेली बघून त्या लगबगीनं उठल्या, आतून रजिस्टर घेऊन आल्या आणि जिल्हा परिषदेचे साहेब समजून ते थेट अर्जुनरावांपुढं धरलं. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि किल्ली हातात घेऊन सत्यशीला उतरली. चतुराबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. आतून वीस-बावीस लेकरं बाहेर येऊन गाडीभोवती उभी राहिली. एकानं चाकाला हात लावून बघितला.

"मॅडम," चतुराबाई म्हणाल्या, "तुमी चालवीत आलात व्हय? गाडी कुनाची हाय?"

"आमचीच."

चतुराबाईंनी वाकून मागच्या काचेतून आत बघितलं. मांडीवर डब्याची पिशवी घेऊन मी बसलेलो होतो.

"आन् हे कोन?"

सत्यशीलेनं किल्ली कमरेला खोचली.

"हेपण आमचेच," ती म्हणाली, आणि वजनाचा काटा आणायला आत गेली.